‘खाली’ लिहिलेली बॅटरी

“सर, नब्बे परसेंट हो गया है.”

जयपूरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवताना हे वाक्य मी जितकं ऐकलं तितकं ‘गुड मॉर्निंग’सुद्धा ऐकलं नसेल. त्यावर माझा एकच प्रश्न असतो, “कशाचे नव्वद टक्के?” त्याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. मुलं एकमेकांकडे बघतात, मग टेबलावर उताण्या पडलेल्या रोबोटकडे बघतात आणि त्यांच्यातला धीट मुलगा सांगतो, “बस व्हील लगाने हैं, सर. और थोड़ी कोडिंग.”

म्हणजे चालायचं आणि विचार करायचा, एवढंच राहिलेलं असतं. बाकी सगळं झालेलं असतं.

अडखळणाऱ्या रोबोटिक्स टीमना अनुभवाचे चार सल्ले द्या, असं संपादकांनी मला सुचवलं. सल्ले मी वर्षानुवर्षं दिले. फळ्यावर लिहिले, भिंतीवर लावले, प्रत्येकाच्या हातात दिले. त्यामुळे सल्ल्यांवरचा माझा विश्वास आता बेताचाच आहे. त्यापेक्षा काय काय झालं ते सांगतो. ज्याला घ्यायचं तो त्यातून घेईल.

हे काम माझ्या गळ्यात पडलं तेही एका प्रश्नामुळे. कॉलेजची टीम स्पर्धेला पाठवायची असं एका मीटिंगमध्ये ठरत होतं. नाव काय ठेवायचं, टी-शर्टचा रंग कोणता, यावर बरीच चर्चा झाली. मी विचारलं, “रोबोटच्या वजनाची मर्यादा किती आहे?” आपल्याकडे ज्याला प्रश्न पडतो त्यालाच काम देतात.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोबोट म्हटलं की हात, पाय, डोकं असलेला पुतळा डोळ्यांपुढे येतो. आमचा रोबोट म्हणजे बुटांच्या खोक्याएवढा अॅल्युमिनियमचा गाडा. मागे दोन चाकं, प्रत्येकाला वेगळी मोटर, पुढे एक फिरतं चाक. पोटाखाली प्रकाश टाकून तो परत किती येतो हे पाहणारे इवलेसे डोळे, म्हणजे सेन्सर. पांढऱ्या जमिनीवर काळी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरून, कुणी हात न लावता, गाड्याने शेवटपर्यंत जायचं. सुरुवातीला जमिनीवर एक चौकोन आखलेला असतो, त्याला स्टार्ट बॉक्स म्हणतात. गाडा त्यात ठेवायचा, बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत सीकर रोड आणि अजमेर रोडवर कॉलेजं भराभर उभी राहत होती आणि प्रत्येक कॉलेजात अशी स्पर्धा भरत होती. माझा अंदाज नाही, मी बसून मोजलेलं आहे: निम्म्याहून अधिक रोबोट स्टार्ट बॉक्सच्या बाहेर येत नाहीत. पट्टीवरून भरकटणं, वळण चुकणं या फार पुढच्या अडचणी झाल्या. त्या येण्यासाठी आधी हलावं लागतं.

आमचा रोबोट पहिल्या वर्षी हलला नाही तो वजनामुळे.

टीमचा म्होरक्या होता महेंद्र. तो जयपूरजवळच्या चौमूंचा. त्याच्या काकांचा तिथे ट्रॉल्या बनवण्याचा कारखाना आहे. ट्रॅक्टरमागे जोडतात त्या ट्रॉल्या. सांगाडा तिथेच तयार झाला आणि तो लोखंडी अँगलचा झाला.

“महेंद्र, वजन किती?”

“लगभग पाँच किलो, सरजी.”

“तोललं का?”

“उठाके देखा है.”

मर्यादा पाच किलोची होती. मी गाडा मेसमध्ये नेऊन बटाट्यांच्या काट्यावर ठेवला. आठ किलो चारशे ग्रॅम. मेसवाल्या भैयाने काट्याकडे पाहून विचारलं, “साहब, इसमें क्या पकेगा?” महेंद्र मात्र खजील झाला नाही. म्हणाला, “सरजी, मजबूत तो होना चाहिए. रास्ते में टूट गया तो?” रस्ता म्हणजे गुळगुळीत फरशीवरची काळी पट्टी. कापून, भोकं पाडून वजन मर्यादेत आणलं, पण मोटरींचे गिअर तोवर आतून झिजले होते. स्पर्धेत गाडा बॉक्समध्ये उभा राहून किरकिरला आणि थांबला.

दुसऱ्या वर्षी त्यांनी माझं ऐकलं, आणि फारच ऐकलं. सांगाडा इतका हलका केला की सगळं वजन दोन बॅटऱ्यांचंच उरलं, आणि त्या दोन्ही बॅटऱ्या त्यांनी सर्वांत वरच्या मजल्यावर ठेवल्या. का, तर तिथून काढायला सोप्या. बटण दाबताच गाड्याने हिसका घेतला आणि तो पाठीवर पडला. चाकं हवेत फिरत राहिली. पट्टी दिसेना म्हणून सेन्सरचे दिवे आळीपाळीने लागत होते. म्हणजे प्रोग्रॅम बरोबर होता, हे मला अंकितने नंतर अनेकदा सांगितलं.

अंकित हा आमचा प्रोग्रॅमवाला. वैशाली नगरात माझ्याच गल्लीच्या पलीकडे राहायचा. हुशार मुलगा, पण हाताला खाज. चाललेल्या प्रोग्रॅमला हात लावल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. “सर, सिर्फ दो लाइन बदली हैं,” हे वाक्य तो, पानात मीठ वाढून घेतल्यासारखं, सहज म्हणे.

याच सुमारास दुसऱ्या एका कॉलेजची चार मुलं रविवारी सकाळी माझ्या घरी आली. कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला होता. त्यांचा रोबोट प्रमुख पाहुण्यांना फूल देणार होता. हात सुंदर केला होता, बोटं मिटत होती, उघडत होती. फक्त गाडा जागचा हलत नव्हता. मी विचारलं, पाहुण्यांपर्यंत जाणार कसा? म्हणाले, “सर, चीफ गेस्ट को पास बुला लेंगे.” चहा घेऊन आलेली माझी बायको हे ऐकत उभी होती. ती मला म्हणाली, “अहो, याला आधी पाय द्यायला सांगा, मग हात.” इतक्या वर्षांत मी यापेक्षा चांगला सल्ला देऊ शकलेलो नाही. मुलांनी मान डोलावली आणि जाताना विचारलं, फूल गुलाबाचं ठेवावं की झेंडूचं.

आता आमच्या क्लबच्या खोलीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या खोलीवरून झालं.

पहिल्या वर्षी रोबोटिक्स क्लबला जागा नव्हती. टीम मुलांच्या हॉस्टेलमध्ये, महेंद्रच्या खोलीवर काम करायची. टीममध्ये सुजाता गजभिये नावाची एक मुलगी होती. वडील रेल्वेत, बदलीवर जयपूरला आलेले, खातीपुऱ्याकडे क्वार्टरमध्ये राहायचे. मूळचे वर्ध्याकडचे. प्रयोगशाळेत तिच्याइतकं स्वच्छ सोल्डरिंग कुणाचंच नव्हतं, अगदी माझंही नाही. पण मुलांच्या हॉस्टेलमध्ये मुलीला पाऊल टाकायची परवानगी नाही, आणि नसणं योग्यच. परिणाम असा की टीमच्या यादीत तिचं नाव होतं आणि काम होतं पोस्टर रंगवायचं. रोबोट तिने पहिल्यांदा पाहिला तो स्पर्धेच्या दिवशी, प्रेक्षकांत बसून.

ते मला पटलं नाही. मी अर्जामागून अर्ज करून दुसऱ्या मजल्यावरची, जुने ड्रॉइंग बोर्ड ठेवलेली एक खोली मिळवली. दुसऱ्या वर्षापासून सगळी वायरिंग सुजाताने केली. लाल तार लालच, काळी तार काळीच, प्रत्येक जोडावर चिठ्ठी. दुसऱ्या वर्षी गाडा पडला तेव्हा चारीमुंड्या चीत होऊनही एक तार सुटली नाही.

पण डायरेक्टर साहेबांना तारा दिसत नव्हत्या, त्यांना उताणा रोबोट दिसला. त्यांनी मला बोलावलं. माणूस शिस्तीचा आणि शब्दाचा पक्का. खरं तर त्यांचं नि माझं पटायला काहीच हरकत नव्हती.

“मैं यह नहीं कहता कि जीतकर आओ,” ते म्हणाले. “बॉक्स से बाहर तो निकले. अगली बार भी नहीं निकला, तो कमरा परीक्षा विभाग को. उनके बंडल बरामदे में पड़े हैं.”

मागणी रास्त होती. मी खोलीवर येऊन मुलांना सांगितलं. महेंद्र म्हणाला, “तो हॉस्टल में कर लेंगे, सरजी, पहले भी करते थे.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सुजाता हातातल्या सोल्डरिंग गनचं टोक स्पंजवर पुसत होती, तशीच पुसत राहिली. टोक केव्हाच स्वच्छ झालं होतं.

तिसऱ्या वर्षीचा गाडा मी जातीने तोलत, मोजत करून घेतला. चार किलो सातशे. दोन मजले. वरच्या मजल्यावर सर्किट आणि त्याची एक बॅटरी. खालच्या मजल्यावर, चाकांच्या मध्ये, मोटरींची बॅटरी, म्हणजे वजन जमिनीलगत राहील आणि गाडा उलटणार नाही. दोन्ही बॅटऱ्या यूपीएसमध्ये असतात तशा, सारख्याच आकाराच्या. याशिवाय तिसरी एक जुनी बॅटरी होती, सरावाची. ती थकली होती, पण मुलं कोणतीही वस्तू टाकून देत नाहीत.

सुजाता माझ्याशी मराठीत बोलायचा प्रयत्न करायची. घरी वऱ्हाडी वळणाचं मराठी, बाहेर हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी, असं तिचं त्रांगडं होतं. “सर, मी वायर लावून दिली, मतलब दोन्ही साइडला,” असं काहीतरी म्हणायची आणि मी लगेच सांगायचो, “मतलब नाही, म्हणजे.” सवय वाईट आहे, पण चूक दिसली की माझ्याच्याने राहवत नाही. तीही चिकाटीची. पुढच्या वाक्यात ‘म्हणजे’ म्हणायची आणि दुसरंच काहीतरी चुकायची.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी तिने दोन्ही चांगल्या बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या, मीटरने मोजल्या आणि मला आकडे सांगितले. मी समाधानाने म्हणालो, “छान. एक वर, एक खाली. उद्या गडबडीत घोळ नको, लेबल लावून ठेव.” तिने लेबलं लावली, दोन्ही बॅटऱ्या पिशवीत ठेवल्या आणि वडिलांबरोबर घरी गेली.

सकाळी ती पिशवी घेऊन महेंद्र जीपने निघाला. निघताना त्याने ‘काम आ जाएगी’ म्हणून सरावाची बॅटरीही त्यात टाकली. मी आणि सुजाता कॉलेजच्या बसने गेलो. यजमान कॉलेजात नोंदणीची रांग भली मोठी होती. मुलींची रांग लहान, म्हणून सगळ्यांची ओळखपत्रं घेऊन सुजाताला तिकडे पाठवलं. मला आयोजकांनी धरून सभागृहात नेलं आणि पाहुण्यांचं भाषण ऐकायला बसवलं. भाषण एकविसाव्या शतकावर होतं. बाहेर आलो तेव्हा आमचा गाडा स्टार्ट बॉक्समध्ये ठेवलेला होता आणि महेंद्र बटणावर बोट ठेवून उभा होता.

त्याने बटण दाबलं. वरच्या मजल्यावरचे सगळे दिवे लागले. सेन्सर जागे झाले. मोटरींनी ‘घूं’ असा आवाज केला, चाकं केसभर हलली आणि थांबली. पुन्हा ‘घूं’. पुन्हा काही नाही. पंचांनी वेळ मोजली, हात वर केला आणि वहीत शून्य लिहिलं.

बाकीच्या टीम झाल्या की प्रत्येकाला आणखी एक संधी होती. आम्ही गाडा उचलून कोपऱ्यात आणला.

“मोटर पर वोल्टेज कितना है?” मी विचारलं.

“सर, कोडिंग में कुछ है,” अंकित म्हणाला आणि त्याने लॅपटॉप उघडला.

“मैंने वोल्टेज पूछा है.”

“सर, लाइट तो सब जल रही हैं. मतलब बैटरी ठीक है.”

“ती वरची बॅटरी. मी खालचीचं विचारतोय,” रागाच्या भरात मी मराठीतच बोललो. तेवढ्यात सुजाता ओळखपत्रं घेऊन धापा टाकत आली. मीटर तिच्या पर्समध्ये असायचा, इतर मुलींच्या पर्समध्ये आरसा असतो तसा. तिने खालच्या बॅटरीला तारा लावल्या.

“बारा पॉइंट चार, सर.”

“चालू करून मोज.”

महेंद्रने बटण दाबलं. मोटरींनी ‘घूं’ केलं आणि आकडा सातवर आला.

इथे थांबून अडखळणाऱ्या टीमना मी एकच गोष्ट सांगेन. बॅटरी नुसती ठेवून मोजू नये. कांदेपोहे खायला आलेला प्रत्येक मुलगा सद्गुणीच दिसतो. अंगावर भार पडल्यावर काय होतं ते पाहावं. बसल्या जागी बारा व्होल्ट दाखवणारी बॅटरी मोटर जोडताच सातवर येत असेल, तर ती म्हातारी झाली आहे, मीटर काहीही म्हणो.

सुजाताने बॅटरीवर आवळलेली पट्टी सोडून पाहिली. “सर, ही आपली नाही आहे. ही प्रॅक्टिसवाली आहे.” मग महेंद्रकडे वळून, “महेंद्र भैया, खाली वाली कहाँ है?”

“वो तो जीप में छोड़ दी.”

“छोड़ दी? क्यों?”

“खाली थी ना. तूने ही तो लिखा था.”

“मैंने लिखा था खाली. मतलब नीचे लगानी है.”

महेंद्र तिच्याकडे बघत राहिला. “नीचे को खाली कौन बोलता है?”

तिने माझ्याकडे पाहिलं. आता बोलणं भाग होतं. “हम बोलते हैं,” मी म्हणालो. “पूरा महाराष्ट्र बोलता है.”

“सरजी, हमने सोचा चार्ज करना भूल गई, इसलिए ईमानदारी से लिख दिया, खाली. और जिस पर कुछ नहीं लिखा था, वो भरी हुई.”

“और दूसरी पर ‘वर’ लिखा था, वह?”

लॅपटॉपमधून डोकं न काढता अंकितने उत्तर दिलं, “वो समझ में नहीं आया, सर. महेंद्र बोला, वर है तो दूल्हा होगा. दूल्हे को ऊपर ही बिठाते हैं.”

म्हणजे एक बॅटरी योग्य जागी गेली ती नवरदेव म्हणून. दुसरी, पूर्ण भरलेली, गाडीत पडून होती, कारण तिच्यावर स्वच्छ अक्षरात, शुद्ध मराठीत, जिथे लावायची ती जागा लिहिली होती. इतकी वर्षं मी लेबल लावा, लेबल लावा म्हणून घसा कोरडा केला. लेबल कोणत्या भाषेत लावायचं हे सांगायचं असतं, हे माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. टीमच्या बाकी सगळ्या चिठ्ठ्या इंग्रजीत असायच्या. या दोन तेवढ्या तिने मराठीत लिहिल्या होत्या.

“सर, मला वाटलं तुम्हाला चांगलं वाटेल,” ती हळूच म्हणाली.

यावर माणूस रागावणार तरी कसा? आणि न रागावता राहणार तरी कसा?

जीप फाटकाबाहेर लांब उभी होती. महेंद्रला सोबत घेतलं असतं तर गाड्यापाशी एकटा अंकित उरला असता. म्हणून किल्ली घेऊन मी आणि सुजाता गेलो. पिशवीतून बॅटरी काढल्यावर ती तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि आम्ही परत आलो. आमचं नाव पुकारलं जात होतं. तिने बॅटरी बसवली, पट्टी आवळली, भार देऊन मोजली. अकरा पॉइंट नऊ. मी म्हटलं, आता हा गाडा भिंत पाडेल.

गाडा बॉक्समध्ये ठेवला. महेंद्रने बटण दाबलं.

तो गोळीसारखा सुटला, आणि मागे सुटला. बॉक्सची मागची रेघ ओलांडली, पांढरी जमीन ओलांडली, पंचांच्या टेबलाखाली शिरला आणि झालरीत गुरफटून तिथेच गुरगुरत राहिला. एका पंचांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. त्या दिवशी कुठल्याही रोबोटला मिळाल्या नसतील एवढ्या टाळ्या आमच्या रोबोटला मिळाल्या.

मी अंकितकडे पाहिलं.

“सर, मुझे लगा दोनों मोटर उल्टी तरफ ज़ोर लगा रही हैं, इसलिए हिल नहीं रहा,” तो म्हणाला. “तो मैंने डायरेक्शन पलट दी. और स्पीड फुल कर दी.”

“कधी?”

“जब आप बैटरी लाने गए थे.”

“कुणाला सांगितलंस?”

“सोचा था चल जाएगा तो बता दूँगा.”

बॅटरी सापडली तेव्हा तो तिथेच बसला होता. दोष बॅटरीत आहे हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी आपला बदल करायचं त्याने सोडलं नाही, कारण त्याच्या मते तीही दुरुस्तीच होती. एका दुखण्यावर दोन वैद्यांनी एकमेकांना न सांगता दोन औषधं दिली की रोगी असा टेबलाखाली जातो. एका वेळी एकच बदल, आणि तो मोठ्याने सांगून. हे वाक्य मी त्यानंतर खोलीच्या भिंतीवर रंगवणार होतो. पण तोवर भिंत आमची राहिली नाही.

परतताना आम्ही सगळे जीपमध्येच बसलो आणि वाद झाला. महेंद्रचं म्हणणं सरळ होतं. “सरजी, डायरेक्टर साहब ने क्या बोला था? बॉक्स से बाहर निकले. निकला कि नहीं? आप बस इतना लिख दो, बाहर निकला. किस तरफ से, वो पूछें तो बताना.”

अंकितलाही ते पटलं. तो म्हणाला, “सर, टेक्निकली झूठ भी नहीं है.”

मला हा ‘टेक्निकली’ फार परिचयाचा आहे. नव्वद टक्क्यांचा तो थोरला भाऊ. मी म्हणालो, “पंचांनी शून्य दिलं आहे. मी शून्यच लिहिणार. मागच्या बाजूने बाहेर आला हेही लिहिणार.”

मग खिडकीशी बसलेली सुजाता म्हणाली, “सर, जे झालं ते लिहा. पण मोटरला अकरा पॉइंट नऊ मिळत होते, हे पण लिहा.”

नुकसान सर्वांत जास्त तिचंच होणार होतं. मी तिची चूक सुधारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, वाक्यात चूक नव्हती.

मी तसाच अहवाल दिला. डायरेक्टर साहेबांनी तो पूर्ण वाचला. एका जागी त्यांचा चष्मा किंचित हलला.

“पीछे से?”

“जी.”

“और यह दूल्हा वाली बात भी सच है?”

“जी.”

ते खिडकीबाहेर पाहून थोडं हसले, मग कागदावर सही केली. “आपने सच लिखा, अच्छा किया. अब मैं भी अपनी बात से नहीं फिर सकता. कमरा खाली कर दीजिए.”

मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं, आणि याचीच मला त्या दिवशी सर्वांत जास्त चीड आली. समोरचा माणूस चुकीचा असता तर भांडता तरी आलं असतं.

सामान खोक्यांत भरायला लागलो. महेंद्रने हॉस्टेलवर कॉट सरकवून जागा केली आहे असं सांगितलं. सुजाताने आपला मीटर, सोल्डरिंग गन आणि तारांची रिळं वेगळी काढून बाजूला ठेवली, माहेरी जाणाऱ्या बाईने आपले कपडे वेगळे काढावेत तशी. मग बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही. आली ती धूळ झटकत.

“सर, खाली जागा आहे.”

“कुठे?” मी म्हणालो. “या कॉलेजात एक खोली रिकामी नाही. मी सगळ्या पाहिल्यात.”

“रिकामी नाही सर, खाली. जिन्याच्या खाली. जनरेटरच्या बाजूला.”

जयपूरला इतकी वर्षं काढल्यावर मलाही ‘खाली’ म्हणजे रिकामं असंच ऐकू यायला लागलं होतं. शुद्ध बोलण्याबद्दल जिला मी दोन वर्षं टोकत होतो, तिने मला माझ्याच भाषेतला शब्द समजावून सांगितला. महेंद्र खोकं बांधता बांधता म्हणाला, “देखा सरजी? अब बोलो, गलती किसकी थी.”

आम्ही खाली गेलो. जिन्याच्या पोटात तिरकी जागा होती. मोडक्या खुर्च्या, डिझेलचा वास, आणि वीज गेली की जनरेटर असा गर्जे की शेजारच्या माणसाला खुणांनी बोलावं लागे. एक टेबल बसेल, ताठ उभं राहता येणार नाही. पण दार होतं ऑफिससमोरच्या वऱ्हांड्यात, शिपायाच्या नजरेसमोर. तिथे बसायला कुठल्याही मुलीला कुणाची परवानगी लागणार नव्हती. मी रीतसर अर्ज केला. साहेबांनी विचारलं, “वहाँ कोई बैठ सकता है?” मी म्हणालो, “बैठ ही सकते हैं, सर. खड़े नहीं हो सकते.” त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षीचा रोबोट त्या जिन्याखाली झाला. सगळी लेबलं हिंदीत, मराठीत आणि इंग्रजीत होती, त्यामुळे वजन थोडं वाढलं. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर लॅपटॉप शिपायाकडे ठेवायचा असा नियम मी केला आणि अंकितने तो माझ्या अपेक्षेपेक्षा कमी वेळा मोडला. रोबोट बॉक्सच्या बाहेर आला, पुढच्या बाजूने. पहिल्या वळणावर पट्टी सोडून प्रेक्षकांत गेला. बक्षीस नाही. मी चिडलो, घसा ताणून चिडलो, कारण वळणावरचा वेग कमी करा हे मी सांगून थकलो होतो. पण भरकटण्याबद्दल चिडायची ती माझी पहिलीच वेळ होती.

वरची खोली सोडली त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. कुलूप लावायच्या आधी सुजाताने खोक्यातून ती बॅटरी काढली, तिच्यावरचं लेबल नखाने अलगद सोडवलं आणि दारावर, नावाची पाटी होती त्या जागी चिकटवलं. तेवढ्यात परीक्षा विभागाचे बाबू बंडलांसाठी जागा मोजायला आले. दारावरचं वाचून त्यांनी मान डोलावली. “खाली. अच्छा किया, लिख दिया. सबको पता रहेगा.”

“जी,” सुजाता म्हणाली. “इसीलिए लिखा है.”

आणि सोल्डरिंग गन घेऊन ती जिना उतरू लागली.